केतचं कच्चं लिखाण

ख्रू चंथा, म्हणजे शाळेतल्या चंथा बाई, रोज पहाटे बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणत. आवाज इतका हळू, की भिंतीपलीकडे झोपलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीलाही ऐकू जात नसे. मग दारात उभं राहून भिक्खूंच्या पात्रात गरम भात घालायचा आणि सायकलवरून शाळेत जायचं. पौर्णिमा-अमावस्येला, उपोसथाच्या दिवशी, आठ शीलं, दुपारनंतर अन्न नाही. हे सगळं त्या कुणाला सांगत नसत, पण नदीकाठचं बान थासोम गाव लहान होतं. कुणाचं पोर खरं बोलतंय की नाही अशी शंका आली, तर आया म्हणत, "चल, ख्रू चंथांसमोर सांग बघू." त्यांच्यासमोर खोटं बोलायला मोठ्यांनाही जड जाई.

त्या वर्षी वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला व्रतकाळ, सुरू झाला तेव्हा नेहमीप्रमाणे सगळ्या गावानं नेम धरले. कुणी तीन महिने दारू सोडली, कुणी मांस. ख्रू चंथांनी मनाशी ठरवलं, की कुणाचं मन दुखेल असं बोलायचं नाही, आणि शंका आली तर गप्प बसायचं. पाचवीच्या मुलांना त्यांनी विहारात नेलं आणि प्रत्येकाला भंतेंसमोर एकेक नेम बोलायला लावला. बुंग म्हणाला, आइस्क्रीम खाणार नाही. कुणी म्हणालं, भावाला मारणार नाही. मग केत पुढे आली, गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "मी खोटं बोलणार नाही."

मागून एकदम खसखस पिकली.

"भंते, हिला आइस्क्रीमचा द्या, तो तरी जमेल," बुंग म्हणाला.

केत म्हणजे वर्गातली थापाडी. नदीतल्या नागानं चप्पल गिळली म्हणून शाळेत यायला उशीर झाला, असं तिनं एकदा शपथेवर सांगितलं होतं, आणि नागाच्या जिभेचा रंगही सांगितला होता. आई-बाप दूर बँकॉकला कामाला. ती आजीपाशी राहायची. आजीसुद्धा शेजारणींना सांगायची, "आमची केत बाजारातून आली की मी आधी निम्मं वजा करते आणि मग ऐकते."

भंते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "साक्षीला कोण?"

केतनं मागे वळून ख्रू चंथांकडे बोट केलं. त्यांनी मान डोलावली.

आणि केतनं नेम पाळला. सोपं नव्हतं ते. पोरं मुद्दाम आडवे प्रश्न विचारत. "केत, काल रात्री अंथरूण ओलं केलंस का गं?" "केत, बुंग छान दिसतो ना? खरं सांग हं, नेम आहे तुझा." ती लाल व्हायची, ओठ दाबून धरायची आणि मग म्हणायची, "बुंग बदकासारखा दिसतो." वर्ग हसून लोळायचा. हळूहळू पोरांनाच कंटाळा आला. तिला थापाडी म्हणणं मागे पडलं. वर्षावास संपताना जे नेम पूर्ण करतील त्यांच्या मनगटाला भंते पांढरा दोरा बांधतात. त्या दोऱ्यासाठी केत दिवस मोजत होती. आजी आता विहारात बसल्या बसल्या बायकांना सांगायची, "माझी नात बघा, एवढे दिवस झाले, एक थाप नाही."

त्याच दिवसांत ख्रू चंथा वर्गाला निबंध कसा लिहायचा ते शिकवत होत्या. अभ्यासक्रमात ते पाच पायऱ्यांनी शिकवायचं होतं. आधी सुचेल ते गोळा करा, मग आराखडा, मग कच्चं लिखाण, मग दुरुस्ती, शेवटी पक्कं. फळ्यावर त्यांनी पाच पायऱ्यांचा जिना काढला होता. दुरुस्तीच्या पायरीवर त्यांचा एकच प्रश्न असे. "वाचून बघा, आणि स्वतःला विचारा, काय राहिलं?"

पण सांगणं वेगळं आणि करून घेणं वेगळं. वर्गात दोन इयत्ता एकत्र बसत, वेळ कमी. मुलं एकदा लिहीत, त्या लाल पेनानं चुका दाखवत, मुलं सुबक अक्षरात उतरवून काढत, झालं. कच्च्या कागदांच्या नावा होऊन नदीत जात. गेली कित्येक वर्षं असंच चाललं होतं, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

एकटी केत मात्र अडकून बसली. विषय होता 'घरातली एक वस्तू'. तिनं आजीची भात वाफवायची बांबूची टोपली घेतली होती. लिहायची आणि खोडायची. पुन्हा लिहायची, पुन्हा खोडायची.

"काय झालं गं?" ख्रूंनी विचारलं.

"सुचतंय खूप, ख्रू. पण सुचतं ते खोटंच असतं. टोपली शंभर वर्षांची आहे असं लिहिलं, मग आजीला विचारलं, तर ती म्हणाली, मागच्या पावसात जत्रेतून आणली. मग खोडलं."

"निबंधात थोडं चालतं."

"माझा नेम आहे ना पण."

ख्रू चंथा हसल्या. तेव्हा त्यांना तिचं कौतुक वाटलं होतं.

मग एका मंगळवारी मुख्याध्यापक पोंगसाक जेवणाच्या सुट्टीत आले. "चंथाताई, गुरुवारी निरीक्षक येताहेत. लेखनाचाच पाठ बघायचाय त्यांना. भिंतीवरच्या बोर्डावर पाचही पायऱ्या दिसल्या पाहिजेत हं. मुलांची कच्ची लिखाणं, दुरुस्त्या, सगळं."

"कच्ची लिखाणं नाहीत ठेवलेली, सर."

"नाहीत म्हणजे?" पोंगसाकांनी कपाळाला हात लावला. "अहो, मग करून घ्या की. दोन दिवस आहेत. पलीकडच्या गावातल्या शाळेनं काय केलं असेल असं वाटतं तुम्हाला? मला कुणापुढे मान खाली घालायला लावू नका, एवढंच."

ख्रू चंथांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांचं मन दुखेल, असं वाटलं. त्या गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात उलटा जिना चढायचं काम सुरू झालं. पक्क्या निबंधावरून कच्चा करायचा. मुलांना आजवर इतकी मजा कधीच आली नव्हती. "मुद्दाम चुकायचं? खरंच, ख्रू?" कुणी शब्द खोडले, कुणी समासात बाण काढले. बुंगनं कागद चुरगळून त्यावर चहा सांडला आणि वर धरून म्हणाला, "माझा बघा, हत्तीनं चघळलाय!" ज्याचा सगळ्यात घाण त्याला टाळ्या.

केत हात मांडीवर ठेवून बसली होती.

"तू का नाही करत?"

"माझा पक्का झालाच नाही, ख्रू. मग कच्चा कशावरून करू?"

"अगं, मग तुझं ते खरं कच्चं आहे ना, ते दे."

"ते अर्धंच आहे. आणि सगळं खोडलेलं. शेवटच नाही त्याला." तिनं आवाज खाली आणला. "आणि ख्रू, हे सगळे करताहेत ते खोटं नाही का?"

सगळे वळून बघायला लागले. बुंगसुद्धा.

"खोटं नाही गं," ख्रू चंथा अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "हा सराव आहे. नाटकासारखं समज."

"मग निरीक्षकबाईंना सांगायचं ना, नाटक आहे म्हणून?"

त्या तिच्या डोक्यावरून हात फिरवून पुढच्या बाकाकडे गेल्या.

बोर्डावर सोळा मुलांची नावं आधीच चिकटवली होती. केतच्या नावाखालची जागा पडलेल्या दातासारखी दिसत होती. शाळा सुटल्यावर ख्रू चंथांनी टोपलीवर एक छोटा निबंध लिहिला. मग डाव्या हातात पेन धरून, अक्षर पोराचं वाटावं म्हणून, त्याचं कच्चं केलं. 'आजीच्या हातांचा वास टोपलीला लागला आहे' असं लिहून त्यांनी 'हातांचा' खोडलं आणि वर 'बोटांचा' लिहिलं. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. दुरुस्ती दिसायला हवी होती, एवढंच. कागद टाचणीनं लावताना त्यांच्या मनात आलं, सकाळी आपण खोटं न बोलण्याचं चौथं शील म्हटलं होतं. पण टाचणी तोवर आत गेली होती.

गुरुवारी निरीक्षक वन्पेनबाई आल्या. वयस्कर, शांत. पाठ छान झाला. मुलं पाठ केल्यासारखी उत्तरं देत होती, आणि पाठच केली होती. पोंगसाक मागे उभे राहून फोटो काढत होते. शेवटी वन्पेनबाई बोर्डाजवळ गेल्या, एकेक कागद बघत बघत एकापाशी थांबल्या.

"केत कोण?"

केत उभी राहिली.

"इथे ये, बाळ. हे हात खोडून बोटं का केलंस?"

केतनं कागदाकडे पाहिलं. ती तो पहिल्यांदाच बघत होती. वर आपलं नाव वाचलं. मग तिनं ख्रू चंथांकडे पाहिलं, आणि नुसतं पाहत राहिली.

ख्रू चंथा फळ्यापाशी उभ्या होत्या. एवढंच बोलायचं होतं, की तो तिचा नाही, माझा आहे. मागे पोंगसाकांनी फोन खाली घेतला होता. ख्रूंनी नजर जमिनीवर ठेवली.

मग केत बोलायला लागली.

"पहिल्यांदा हातच लिहिलं होतं, बाई. मग जेवताना बघितलं, तर आजी भाताचा गोळा करते ना, तेव्हा तिचा तळवा लागतच नाही भाताला. नुसती बोटं लागतात. तिची दोन बोटं वाकडी आहेत, तिकडून गोळा चपटा होतो. मी लहानपणापासून चपटाच खाल्लाय. म्हणून हात हा शब्द चुकीचा वाटला. झोपलेली उठून खोडला मी."

वन्पेनबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ऐकलंत का सर? याला म्हणतात दुरुस्ती. पुस्तकात शिकवतो आपण, पण मुलाच्या तोंडून असं ऐकायला मिळत नाही कधी." आणि ख्रू चंथांकडे वळून दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "तुमची पुण्याई आहे ही."

ख्रू चंथांनी हात जोडले. जोडावे लागले.

सगळे चहाला गेल्यावर केत बाहेर नळाशी फळा पुसायचं फडकं धूत होती. ख्रू तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. तिनं वळून पाहिलं नाही.

"ख्रू, माझं मोडलं."

"केत…"

"आजीची बोटं वाकडी नाहीयेत," ती म्हणाली आणि फडकं पिळलं. "एकदम सुचलं. पूर्वीसारखं. तोंड उघडलं आणि आपोआप आलं." मग जराशानं, "तुम्ही काहीच बोलला नाहीत, तेव्हा मला वाटलं, बोलायला हवंय."

ख्रू चंथा जवळजवळ पळतच फाटकाकडे गेल्या. वन्पेनबाईंची गाडी सुरू होत होती. त्या काचेशी वाकल्या आणि धापा टाकत सगळं सांगितलं. उलटा जिना, चहाचे डाग, डावा हात.

वन्पेनबाईंनी ऐकून घेतलं. "ताई, एकाच वर्गातल्या सोळा कागदांवर एकाच दिवसाची ताजी खाडाखोड. मी काय आज नोकरीला लागले? सगळीकडे असंच असतं. बोर्ड मी बघतच नाही, पोरांशी बोलते. आणि ती पोरगी खरी होती."

"तीसुद्धा…"

"मनाला लावून घेऊ नका. चांगलाच शेरा दिलाय." काच वर गेली.

संध्याकाळी त्यांनी घरी छोट्या तबकात मेणबत्त्या आणि पांढरी फुलं मांडली. गावात चूक झाली की असं तबक घेऊन थोरांकडे जातात, आई-बापांकडे, भंतेंकडे, गुरूकडे. धाकट्यांकडे तबक घेऊन कुणी जात नाही. बहिणीनं विचारलं, "कुणाकडे चाललीस?" ख्रू चंथा दार ओढून निघाल्या.

केतची आजी अंगणात चुलीपाशी बसली होती. तबक बघून ती घाईघाईनं उठली. "अगं बाई, ख्रू! आमच्याकडे? कुणाला?"

"केतची माफी मागायचीय."

आजीनं चटकन केतला हाताला धरून मागे ओढलं. "भलतंच काय! गुरूनं पोरीपुढे वाकायचं? तिचं आयुष्य घटेल की हो! ठेवा ते तबक."

तबक ओट्यावर ठेवून ख्रूंनी उभ्यानंच सांगितलं, केतचा नेम मोडला आणि तो माझ्यामुळे मोडला.

आजी नातीकडे वळली. तिचा चेहरा उतरत गेला. "मोडलीस ना? मला वाटलंच होतं. तोंड वर करून मी विहारात सांगत फिरले सगळ्यांना."

"आजी, चूक माझी आहे. तो कागद मी डाव्या हातानं…"

"राहू द्या, ख्रू." आजी हात जोडून म्हणाली. "तुम्ही तिला पाठीशी घालताय, कळतंय मला. तुमच्यासारखी शीलवान बाई असलं काही करेल होय? या पोरीनंच काहीतरी रचून तुम्हाला गुंतवलं असणार. थापाडी ती थापाडीच."

केत खांबाला टेकून उभी होती. ती नुसती ख्रूंकडे पाहत होती, वर्गात पाहिलं होतं तशीच.

ख्रू चंथा परत निघाल्या. आजवर पहाटे पहाटे म्हटलेलं सगळं त्या पोरीच्या अंगावर जाऊन पडलं होतं. आपल्या नावाला गावात जेवढं वजन, तेवढीच ती खोटी ठरत होती. रस्त्यात एका बाईनं आदरानं वाकून नमस्कार केला. ख्रूंना वाटलं, तोंड लपवावं.

त्यानंतर पहाटे त्या चौथ्या शीलापाशी येत आणि तिथे आवाज थांबे. पाचवं म्हणून त्या उठत. पोंगसाकांना त्यांनी बोर्ड काढू द्या म्हणून विचारलं. ते म्हणाले, "काय घाई आहे? पालकसभेला दाखवू."

वर्षावास संपला. पौर्णिमेच्या सकाळी विहारात बसायला जागा नव्हती. नवे कपडे, फुलं, भाताच्या टोपल्या. भंतेंनी पंचशील दिलं. मग ते म्हणाले, "मुलांनो, ज्यांनी नेम पूर्ण केला त्यांनी पुढे या."

बुंग सगळ्यात आधी गेला. "भंते, आजच खाणार आहे. दोन," त्यानं सांगितलं, आणि सगळे हसले. एकेकाच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला गेला. केत आजीच्या शेजारी मान खाली घालून बसली होती. पुढच्या ओळीतल्या कुणीतरी वळून विचारलं, "अगं, तू नाही जात?" आजीच उत्तरली, "कुठली जातेय."

ख्रू चंथा उठल्या. बायकांच्या रांगेतून वाट काढत पुढे गेल्या आणि भंतेंसमोर गुडघ्यांवर बसल्या.

"तुम्ही पण आइस्क्रीम, ख्रू?" कुणीतरी हळूच म्हणालं. हशा उठला आणि त्यांचा चेहरा बघून विरला.

"माझं शील मोडलं, भंते," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण सगळे गप्प झाल्यानं मागपर्यंत गेला. "केतचा नेम पण मोडला. ती स्वतःहून खोटं बोलली नाही. मी शाळेत खोटे कागद लावले आणि तिच्याकडून खोटं वदवून घेतलं. तिला कुणी काही म्हणू नका."

पुरुषांच्या बाजूला पोंगसाक चुळबुळले. कुणी खाकरलं. आजीनं हात तोंडावर ठेवला. आता झालं, उठावं, असं ख्रूंना वाटलं.

"तसं नाही झालं, ख्रू."

केत उभी राहिली होती.

"गप गं!" आजीनं तिचा हात ओढला.

"बोलू दे तिला," भंते म्हणाले.

केत घाबरली होती, पण वर्गात उत्तर देताना उभी राहायची तशी ताठ उभी होती. "तुम्ही माझ्याकडून वदवून नाही घेतलंत काही. बोलले मीच. त्या बाईंनी विचारलं तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही गप्प बसलात. ते राहिलं."

ख्रू चंथांनी डोळे मिटले. तीन महिने ज्या गप्प बसण्याला त्या आपला नेम समजत होत्या, ते आता त्या पोरीनं सगळ्यांसमोर त्यांच्या ओंजळीत ठेवलं होतं. त्यांनी पुन्हा हात जोडले.

"केत स्वतः बोलली," त्या म्हणाल्या. "पण आधी तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच उभी होते. एक वाक्य बोलले असते तर झालं असतं. माझी लाज राखायला मी गप्प बसले, आणि माझ्या वाटचं ती बोलली."

ख्रूंनी मागे वळून केतकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना तिच्या नजरेला नजर देता आली, आणि तीही पुरती नाही.

"आता काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

केतनं खरोखरच थोडा विचार केला.

"डाव्या हातानं लिहिलंत, ते," ती म्हणाली.

ख्रू चंथांनी तेही सांगितलं.